आधी चौकशी, मग काठी

कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांबद्दल मला आदर आहे. पण बारा वर्षं ती नळी धरून बसलं होतं कोण? शिवाय शेपूट वाकडं असल्यामुळे कुणाचं काय बिघडत होतं? कुत्र्याला वळण लावण्याचा सगळा इतिहास या म्हणीत आला आहे. गुन्ह्याची चौकशी नाही. शिक्षा मात्र बारा वर्षांची!

या विषयावर बोलायचा आम्हा सोयगावकरांना थोडा अधिकार आहे. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. (संभाजीनगरवाले ती आपली म्हणतात, जळगाववाले आपली समजतात, आम्हाला कुणी विचारत नाही, ते सोडा.) त्या भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत, आणि जातकांच्या पाली संग्रहातली बाविसावी कथा चक्क कुत्र्यांची आहे. तिचं नाव कुक्कुर जातक.

वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला. पाऊस आला, चामडं भिजून मऊ झालं आणि राजवाड्यातल्या लाडक्या कुत्र्यांनी ते फस्त केलं. सकाळी चाकरांनी राजाला सांगितलं, बाहेरची कुत्री गटाराच्या वाटेने आत शिरली. झालं! दिसेल ते कुत्रं मारायचा हुकूम सुटला; राजवाड्यातली तेवढी वगळून. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा नायक, म्हणजे साक्षात बोधिसत्त्व, दरबारात आला आणि त्याने राजाला विचारलं, की चामडं खाताना कुणी पाहिलं का? कुणीच पाहिलं नव्हतं. मग राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून दर्भ पाजला, आणि चामड्याचे तुकडे सर्वांसमक्ष बाहेर पडले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ. इथे ताकानेच भांडं उघडं पाडलं!

पण पुढच्या राज्यकर्त्यांनी ही कथा वाचली नसावी. कंपनी सरकारच्या मुंबईत भटकी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांपुढे भटकं कोणतं आणि पाळीव कोणतं, हे बघतो कोण? 6 जून 1832 रोजी फोर्ट भागात पारशी मंडळींनी या मारेकऱ्यांना चोप दिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवली. ज्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर पडावी लागते, त्यांच्या दारातलं कुत्रं ओढून नेलं, तर दुसरं काय होणार?

विसाव्या शतकात काठीला शास्त्राचा आधार मिळाला. जर्मनीत पोलिसी कुत्री तयार करणाऱ्या कॉनराड मोस्ट यांनी 1910 साली पुस्तक लिहिलं. त्याचा भर सक्तीवर होता. 1947 साली शेंकेल या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यात कळपाचा म्होरक्या होण्यासाठी मारामाऱ्या दिसल्या. लगेच घरोघरच्या मालकांनी मिशीला पीळ भरला, की कुत्र्याला ‘घरात म्होरक्या कोण’ ते दाखवलंच पाहिजे! पुढे डेव्हिड मीच यांनी रानातले लांडगे पाहून 1999 साली स्पष्ट केलं, की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि पोरं. म्होरक्या कसला, तो घरचा बापच निघाला!

हे सगळं मी शेजारच्या मास्तरांना ऐकवलं, कारण त्यांच्या मोतीवर हद्दपारीची वेळ आली होती. आरोप दोन : चपला कुरतडणं आणि पोस्टमनवर भुंकणं. मोतीला पोत्यात घालून अजिंठ्याच्या घाटात सोडायचं ठरत होतं. मास्तर म्हणाले, “अहो, चप्पल दाखवली की मान खाली घालतो. म्हणजे कळतं त्याला!”

इथे 2009 सालचा न्यूयॉर्कचा पुरावा कामी आला. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं, की तुमच्या कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला. कुत्र्यांचा तो ‘अपराधी’ चेहरा गुन्ह्यामुळे नव्हे, तर मालकाच्या रागावण्यामुळे होत होता; आणि निरपराध असून बोलणी खाणाऱ्यांचा चेहरा सगळ्यात अपराधी! मास्तर गप्प झाले. चाळीस वर्षं वर्गात त्यांनी चेहरे बघूनच छड्या मारल्या होत्या.

मग रीतसर चौकशी झाली. मोती पाच महिन्यांचा. त्या वयात दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. चपला फळीवर गेल्या आणि मोतीला चघळायला जाड दोरीची गाठ मिळाली. भुंकण्याचं कारण तर फारच सरळ. पोस्टमन येतो, मोती भुंकतो, पोस्टमन जातो. म्हणजे रोज आपण शत्रू पळवून लावला, अशी मोतीची प्रामाणिक समजूत! आता सायकलची घंटा लांब वाजली, की भुंकण्याआधीच मास्तर त्याला आत बोलावून भाकरीचा तुकडा देतात. पंधरा दिवसांत घंटा म्हणजे भाकरी, असा हिशेब जुळला. शांत कुत्रं एकाएकी चिडकं झालं, तर मात्र आधी जनावरांचा दवाखाना गाठावा. दुखणंही भुंकायला लावतं.

कुत्रं आपल्या दाराशी हजारो वर्षं आहे, आणि परका दिसला की भुंकायची नोकरी आपणच त्याला दिली. आता दाराला कडी-कुलूप आलं. पण नोकरी संपल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही. त्याने काम चालू ठेवलं, एवढाच त्याचा गुन्हा.

मोती आळीतच आहे. शेपूट वाकडंच आहे, आणि मास्तर दिसले की ते जोरात हलतं.