पाचची मोटर आणि भिऱ्याचे दीडशे मेगावॅट

आपल्याकडे मोटर विचारताना कुणी किलोवॅट विचारत नाही. "तीनची का पाचची?" एवढंच. वायरमनही तेच बोलतो. पण भिऱ्याची, खोपोलीची बातमी आली की आकडा मेगावॅटमध्ये. मधला पूल कोणी बांधून देत नाही, म्हणून आज जरा हिशोब मांडतो.

एचपी हे माप जेम्स वॅटचं. वाफेचं इंजिन विकायचं तर गिऱ्हाईकाला सांगावं लागे की हे किती घोड्यांचं काम करील. त्याने ठरवलं, 33,000 पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणं म्हणजे एक घोडा. खरा घोडा दिवसभर एवढं ओढत नाही, ही विक्रेत्याची उदारता समजा. पुढे 1882 साली विल्यम सीमेन्सने शक्तीच्या एककाला वॅटचंच नाव सुचवलं. एक एचपी म्हणजे 746 वॅट. पॉवर टिलरच्या कागदावर कधीकधी मेट्रिक एचपी असतो, तो 735.5 वॅटचा, फरक किरकोळ आहे. आपली बैलजोडी साधारण एक एचपी धरतात, आणि दिवसभर राबणारा माणूस 75 वॅट, म्हणजे एक दशांश.

पुढचं सोपं आहे. हजार वॅट म्हणजे किलोवॅट, हजार किलोवॅट म्हणजे मेगावॅट. पाचची मोटर 3.73 किलोवॅट. पण हे मोटरच्या दांड्यावर मिळणारं बळ झालं. तारेतून ती ओढते त्याहून जास्त, चांगली असेल तर 4.4 किलोवॅटच्या आसपास. दोनदा गुंडाळून घेतलेली असेल तर विचारूच नका.

आता भिरा. मुळशीचं पाणी सह्याद्री पोखरून खाली आणलं आणि 1927 मध्ये केंद्र सुरू झालं. खोपोली 1915 ची, भिवपुरी 1922 ची, हे तिसरं. वीज मुंबईकडे गेली. त्या धरणाखाली मावळातल्या भातशेतकऱ्यांची गावं गेली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, तिथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं. जुन्या केंद्राची क्षमता आज 150 मेगावॅट. भागाकार केला तर दोन लाखांवर एचपी. दोन लाख बैलजोड्या एका नळावर जुंपल्या असं समजा. एवढ्यावर चौतीस हजार पाचच्या मोटरी एकाच वेळी चालतील, तारेतली गळती सोडून.

मला यात पाण्याचा हिशोब जास्त आवडतो. भिऱ्याला पाणी सुमारे 500 मीटर पडतं. हजार लिटर एवढ्या उंचीवरून आलं की यंत्राची तूट धरूनही युनिटभर वीज देतं, थोडी जास्तच. तुमची पाचची मोटर तासाला साडेचार युनिट खाईल, म्हणजे मुळशीचं चार हजार लिटर पाणी. तेवढ्या विजेत ती नदीतून दहा मीटर उंच शेतात ऐंशी हजार लिटरच्या घरात पाणी चढवते. वरचं एक हंडा पाणी पडलं की खालचे वीस हंडे वर चढतात. उंचीची ताकद ही.

आणि गंमत अशी की ते चार हजार लिटर वाया गेलेलं नसतं. भिऱ्याचं अवजल कुंडलिकेत येतं, डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडतं, कालव्याने खलाटीत जातं. रोह्याकडचं उन्हाळी भात त्यावरच उभं आहे. पण टर्बाईन मुंबईच्या गरजेप्रमाणे फिरते, आवणाच्या गरजेप्रमाणे नाही. पूर्वेकडच्या दुष्काळी भागाचं म्हणणं वेगळंच आहे, की भीमेच्या खोऱ्यातलं पाणी मुळात पश्चिमेला सोडूच नये. त्यांचंही खोटं नाही. पण ते पाणी वळलं तर पहिली कोरडी पडेल ती कोलाड-रोह्याची खाचरं, आणि त्या चर्चेत मेगावॅटचा आकडा येतो, आमच्या एकरांचा येत नाही. पेणकरांनी हे हेटवण्याच्या बाबतीत पाहिलंय; धरण त्यांच्या दारात आणि पाइप सिडकोकडे.

एचपीचा आकडा आता आणखी एका कारणाने बघायला हवा. राज्याची 2024 ची मोफत वीज योजना साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना आहे, म्हणजे 5.6 किलोवॅट. सौरपंपही जमिनीप्रमाणे तीन, पाच, साडेसात असेच मिळतात: अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच. तेव्हा मोटरची पाटी पुसून आकडा वाचा. किलोवॅट लिहिलं असेल तर 0.746 ने भागा, एचपी असेल तर तेवढ्याने गुणा, आणि बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पाहा. 5.5 किलोवॅटची पाटी पाहून "साडेपाचची" म्हणणारे भेटतात; ती साडेसातची असते.