माजी राष्ट्राध्यक्षांना नोटेवर जागा द्यावी का? अमेरिकेतला जुना वाद समजून घ्या

अमेरिकेत एखाद्या लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाचे निधन झाले की त्याचे चित्र नोटेवर किंवा नाण्यावर छापा, अशी मागणी अनेकदा पुढे येते. २०२५ मध्ये तर पदावर असलेले राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे चित्र असलेली २५० डॉलरची नोट काढावी, असे विधेयक तिथल्या प्रतिनिधीगृहात मांडले गेले. पण चलनात नोटा मोजक्या आणि नाणीही मोजकी. त्यामुळे नवा चेहरा आणायचा तर बहुतेक वेळा जुना कोणाचा तरी काढावा लागतो. खरा वाद तिथे सुरू होतो.

सध्या कोणत्या नोटेवर कोण?

१ डॉलरवर जॉर्ज वॉशिंग्टन, २ वर थॉमस जेफरसन, ५ वर अब्राहम लिंकन, २० वर अँड्र्यू जॅक्सन आणि ५० वर युलिसिस ग्रँट आहेत. हे पाचही राष्ट्राध्यक्ष होते. १० डॉलरवरचे अलेक्झांडर हॅमिल्टन मात्र देशाचे पहिले अर्थमंत्री होते, तर १०० डॉलरवरचे बेंजामिन फ्रँकलिनही कधी राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत.

ही वाटणी मुख्यतः १९२८ च्या नोटांच्या मालिकेत पक्की झाली. नेमके हेच चेहरे का निवडले, याचे कारण अर्थखात्याच्या नोंदींत सापडत नाही. त्याआधी २० डॉलरच्या नोटेवर ग्रोव्हर क्लीव्हलँड होते. ते १,००० डॉलरच्या नोटेवर गेले आणि १९६९ मध्ये मोठ्या रकमेच्या नोटा बंद झाल्यावर व्यवहारातून दिसेनासे झाले. म्हणजे नोटेवरची जागा कायमची नसते.

निर्णय कोण घेते?

नोटेवर कोणाचे चित्र असावे, हे अर्थमंत्री ठरवतात. नाण्यांचा नियम वेगळा आहे. चलनातल्या नाण्याची रचना २५ वर्षांच्या आत बदलायची असेल तर संसदेची, म्हणजे काँग्रेसची मंजुरी लागते. १९४६ मध्ये १० सेंटच्या नाण्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट आले तेव्हा जुन्या रचनेला २५ वर्षे होऊन गेली होती, त्यामुळे कायदा करावा लागला नाही. जॉन केनेडी यांच्यासाठी मात्र करावा लागला, कारण अर्ध्या डॉलरवर फ्रँकलिन १९४८ मध्येच आले होते.

हयात व्यक्ती का चालत नाही?

अमेरिकेने राजाविरुद्ध लढून स्वातंत्र्य मिळवले होते. १७९२ मध्ये टांकसाळीचा कायदा करताना नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचे चित्र असावे, असा प्रस्ताव सिनेटकडून आला. ही राजेशाहीची रीत आहे, असे म्हणत प्रतिनिधीगृहाने तो नाकारला. नाण्यावर स्वातंत्र्याचे प्रतीक आले.

यादवी युद्धाच्या काळात हा संकोच सुटला. १८६१ च्या १० डॉलरच्या नोटेवर पदावर असलेले लिंकन झळकले. १८६२ च्या १ डॉलरच्या नोटेवर अर्थमंत्री सॅमन चेस यांचे चित्र होते. चेस यांना स्वतःला राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते आणि त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचत होता. त्यानंतर नोटा छापणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी ५ सेंटच्या नोटेवर चक्क स्वतःचे चित्र छापले. संसद संतापली आणि १८६६ मध्ये हयात व्यक्तीचे चित्र नोटांवर छापायला कायद्याने बंदी आली.

ही बंदी नोटांपुरती होती. त्यामुळेच १९२६ मध्ये कॅल्विन कूलिज पदावर असताना एका स्मारक नाण्यावर दिसले.

सन्मान कधी जमतो?

चलनातल्या नेहमीच्या नाण्यावर आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष लिंकन. १९०९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, एक सेंटचे नाणे निघाले. रूझवेल्ट यांचे नाणे त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, ३० जानेवारी १९४६ रोजी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशी आले. त्यासाठी १० सेंटचेच नाणे निवडण्याला अर्थ होता. रूझवेल्ट यांना पोलिओ झाला होता आणि पोलिओविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेला लोकांनी दहा-दहा सेंट पाठवून निधी उभा केला होता. हे नाणे आजही खिशात खुळखुळते.

केनेडी यांचे उलट झाले. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि मार्च १९६४ मध्ये नाणे आले. लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवले. त्यात ९० टक्के चांदी असल्याने साठवणारेही पुष्कळ होते. परिणामी अर्धा डॉलर रोजच्या व्यवहारात फारसा दिसलाच नाही.

मग सगळ्यांनाच का नको?

हा प्रयोगही झाला. २००५ च्या कायद्यानुसार २००७ पासून दरवर्षी चार राष्ट्राध्यक्षांची १ डॉलरची नाणी निघू लागली. अट एवढीच, की मृत्यूला दोन वर्षे झालेली असावीत. त्यामुळे कोणी वगळले गेल्याचा वाद उरला नाही. पण १ डॉलरची नोट चालूच राहिली आणि लोकांनी जड नाण्यापेक्षा नोटच पसंत केली. २०११ च्या अखेरीस सुमारे १४० कोटी नाणी तिजोऱ्यांत पडून होती. तेव्हा सरकारने चलनासाठी ती पाडणे थांबवले आणि पुढची नाणी फक्त संग्राहकांसाठी निघाली. २०१६ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या नाण्याने मालिका संपली. त्यानंतर थोरले जॉर्ज बुश यांच्यासाठी २०२० मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

रेगन आणि जॅक्सन : दोन वाद

रेगन यांच्या चाहत्यांना ते नेहमीच्या चलनावर हवे होते. २००३ मध्ये १० सेंटवर रूझवेल्ट यांच्या जागी रेगन आणावेत, असा प्रस्ताव आला. त्याला विरोध केला तो खुद्द नॅन्सी रेगन यांनी. आपल्या पतीलाही हे आवडले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१० मध्ये ५० डॉलरवरून ग्रँट यांना काढून रेगन आणण्याचे विधेयक आले, तेही मंजूर झाले नाही. दोन्ही वेळा रेगन थोर होते की नाही, यापेक्षा त्यांच्यासाठी कोणाला हटवायचे, हा प्रश्न अवघड ठरला.

जॅक्सन यांच्याबाबत प्रश्न उलटा आहे. त्यांनी १८३० च्या कायद्याने मूलनिवासींना त्यांच्या जमिनीवरून हुसकावण्याची वाट मोकळी केली. ते स्वतः गुलाम बाळगत. शिवाय कागदी चलनावर त्यांचा विश्वास नव्हता, तरी तेच २० डॉलरच्या नोटेवर आहेत. २०१६ मध्ये अर्थमंत्री जेकब लू यांनी दर्शनी बाजूला हॅरिएट टबमन यांचे चित्र आणण्याची घोषणा केली. टबमन गुलामगिरीतून निसटल्या होत्या आणि त्यांनी इतरांनाही सोडवले होते. २०१९ मध्ये पुढचे अर्थमंत्री स्टीव्हन मनुचिन यांनी ही नवी रचना २०२८ पर्यंत येणार नसल्याचे सांगितले. एका अर्थमंत्र्याचा निर्णय दुसऱ्याला लांबवता येतो, हे त्यातून दिसले.

थोडक्यात काय?

मृत्यूनंतर काही काळ थांबण्याची अट उपयोगी आहे, कारण दुःखाचा किंवा सत्तेचा जोर ओसरल्यावर माणसाचे काम नीट पाहता येते. पण तेवढे पुरत नाही. कोणाला हटवायचे, याचे उत्तर मागणी करणाऱ्याने द्यायला हवे आणि ते चलन लोक खरेच वापरतील का, हेही पाहायला हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी एक सेंटची नाणी पाडणे थांबले, कारण ते पाडायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येत होता. नाण्यावर लिंकन होते म्हणून ते वाचले नाही.