प्रोबायोटिक जीवाणू (पोटाच्या संसर्गांवरील उपचार)

योग्य मात्रेत व जिवंत स्थितीत सेवन केले असता सेवन करणाऱ्याच्या आरोग्यास हितकारक ठरणारे सूक्ष्मजीव. ही व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये निश्चित केली. तिच्यातील ‘जिवंत’ आणि ‘योग्य मात्रा’ या दोन अटींवरच पुढील सारा वाद उभा आहे.

महाराष्ट्रातील अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा या विषयाशी दूध आणि जुलाब असा दुहेरी संबंध येतो. प्रवरा आणि मुळा यांच्या कालव्यांवर पोसलेल्या संगमनेर, राहाता, राहुरी या तालुक्यांत संकरित गाईंच्या दुधाचा धंदा सहकारी संघांच्या आश्रयाने इतका फोफावला, की जिल्ह्याची गणना राज्यातील अग्रगण्य दूधउत्पादक जिल्ह्यांत होते. उलटपक्षी पाथर्डी, पारनेर, जामखेड या अवर्षणप्रवण मुलखात उन्हाळा टँकरच्या पाण्यावर काढावा लागतो, आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरींत उतरले की जुलाब-हगवणीचा उपद्रव सुरू होतो. अशा वेळी घरचा पहिला इलाज ताकाचाच: भाकरी बंद, आणि शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांवर मीठ-जिरे घातलेले पातळ ताक. चरकसंहितेनेही ग्रहणीच्या (आतड्यांच्या जुनाट विकाराच्या) चिकित्सेत तक्राची म्हणजे ताकाची थोरवी गायिली आहे.

कोमट दुधात चमचाभर विरजण कालवून ठेवले असता त्यातील लॅक्टोकॉकस व लॅक्टोबॅसिलस जातींचे जीवाणू रातोरात दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लतेत अनेक रोगजंतूंची वाढ खुंटते. आतड्यात पोहोचलेले उपकारक जीवाणू रोगजंतूंची जागा व अन्न बळकावतात, काही तर त्यांना मारक द्रव्येही स्रवतात. परंतु जठररसातून किती जीवाणू वाचतात हे वाणावर अवलंबून असते. घरागणिक विरजण निराळे, आणि कढी उकळली की त्यातील जीवाणू संपलेच. सबब ताक हे उत्तम पथ्य असले, तरी त्याला औषधाचा दर्जा देणे धाडसाचे होय.

दह्यातील जीवाणूंनी आयुष्य वाढते असे प्रतिपादन रशियन शास्त्रज्ञ एल्ये मेच्निकॉव्ह यांनी १९०७ मध्ये केले. जर्मन वैद्य आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये, सोबत्यांना आतड्यांच्या संसर्गाने ग्रासले असताना स्वतः निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून एश्चेरिकिया कोलायचा एक वाण वेगळा काढला. तो औषध म्हणून अद्यापि विकला जातो.

आधुनिक चाचण्यांचा कौल संमिश्र आहे. प्रतिजैविके घेतल्याने लागणारे जुलाब काही वाणांनी कमी होतात. जठरव्रणास कारण होणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवर केवळ प्रोबायोटिकांनी भागत नाही. मात्र मूळ औषधांच्या जोडीला दिल्यास त्या औषधांचा त्रास काहीसा घटतो. ओडिशातील ४,५५६ नवजात बालकांवरील चाचणीत (२०१७) लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक वाण शर्करायुक्त पूरकासह दिला असता जंतुदोष वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले. तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-वांत्यांनी आजारी मुलांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससयुक्त औषधांचा काहीही लाभ दिसला नाही. एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची जाहिरातींची रीत म्हणूनच आक्षेपार्ह ठरते. शिवाय अत्यंत अशक्त रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बालके यांच्या रक्तात हे जीवाणू क्वचित शिरतात. त्यांना ते वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत.

प्रतिजैविकांना पर्याय म्हणून प्रोबायोटिकांची शिफारस करण्याइतका पुरावा आजमितीस नाही; आणि बहुतेक साध्या जुलाबांना प्रतिजैविकेही लागत नाहीत. जुलाबांत खरी निकड असते ती अंगातून गेलेले पाणी भरून काढण्याची. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी १९७१ मध्ये पटकीच्या साथीत साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य जीव वाचविले. त्याच धर्तीची जलसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. मुलाला जुलाब लागताच प्रथम त्या सुरू कराव्यात, आणि शौचात रक्त दिसल्यास अथवा मूल मलूल झाल्यास ताकावर विसंबून न राहता तडक दवाखाना गाठावा.