सबवूफर, मोटारीतील लपविलेला

सुमारे २० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातील मंद्र स्वर, ज्यांना व्यवहारात ‘बेस’ म्हणतात, ते वाजविण्यासाठी असलेल्या स्पीकरला सबवूफर म्हणतात. तो सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात किंवा स्टेपनीच्या खोबणीत, बाहेरून दिसणार नाही आणि सामानाची जागा अडणार नाही अशा बेताने बसविला, की त्यास लपविलेला सबवूफर म्हणतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर उठणारा घुमारा दारातील लहान स्पीकरमधून कोरडा ऐकू येतो, कारण त्याच्या छोट्या पडद्याला पुरेशी हवा ढकलता येत नाही. ही उणीव सबवूफर भरून काढतो.

तो लपविता येतो याचे कारण श्रवणशास्त्रात आहे. हवेत ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे बहुतेक मोटारींच्या लांबीहून अधिक असते, आणि साधारण ८० हर्ट्झच्या खालचा स्वर कोठून येतो हे बंदिस्त जागेत कानाला नीट ठरविता येत नाही. त्यामुळे यंत्र पाठीमागे असूनही बेस समोरच्या गाण्यात मिसळून जातो. शिवाय मोटारीच्या आतील जागा लहान व बंद असल्याने अतिमंद्र स्वर तेथे आपोआप बळावतात. स्पीकरचा खोका लहान करण्याची वाट १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरने दाखविली; त्यात हवाबंद खोक्यातील हवाच पडद्याला स्प्रिंगसारखा आधार देते.

जागेची निवड हवामान पाहून करावी लागते. उदाहरणार्थ, बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव वैनगंगेच्या भातपट्ट्यात आहे. या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पावसाळा दमट असतो. उन्हात उभ्या मोटारीच्या बंद डिकीत ॲम्प्लिफायर तापून आपोआप बंद पडतो, तर डिकीच्या दाराचे रबर झिजले असल्यास पाणी प्रथम स्टेपनीच्या खोबणीतच साचते. सीएनजीची टाकी डिकीत असेल, तर सीटखालचा, ॲम्प्लिफायर आतच असलेला चपटा सबवूफर हाच सोयीचा पर्याय उरतो. मात्र तेथील पिवळ्या जोडाच्या तारा एअरबॅगच्या असल्याने त्यांना हात लावू नये, आणि सीट पुढेमागे सरकवून यंत्र कोठे अडत नाही ना, हे आधी तपासावे.

खरी कसोटी वायरिंगची असते. १५० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याची तार थेट बॅटरीच्या धन टोकापासून, तेथून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज घालून आणावी लागते. हा फ्यूज तार सोलवटून पत्र्याला टेकली तर लागणारी आग टाळण्यासाठी असल्याने त्याच्यावाचून केलेले काम धोकादायकच मानले पाहिजे. बोनेटखालून आत येताना तार रबरी बुशातून ओवतात. अर्थिंगची तार आखूड ठेवून, पत्र्यावरील रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून, बोल्टने घट्ट आवळतात. ध्वनिसंकेताची केबल विजेच्या तारेपासून दूर, मोटारीच्या दुसऱ्या बाजूने नेतात. अन्यथा इंजिनच्या वेगाबरोबर चढउतरणारी शिट्टी गाण्यात उमटते. मूळ स्टिरिओला वेगळा निर्गम नसेल, तर त्याच्या स्पीकरच्या तारांतूनच संकेत घेता येतो. तेथे तारा कापण्याऐवजी तयार कपलर वापरल्यास मूळ वायरिंग शाबूत राहते व वॉरंटीचा वाद उद्भवण्याची शक्यता कमी होते.

जोडणी झाल्यावर ८० हर्ट्झच्या आसपासची गाळणी लावतात, म्हणजे त्यावरचे स्वर सबवूफरकडे जात नाहीत. फेजची कळ दोन्ही बाजूंना फिरवून जेथे बेस अधिक भरीव वाटेल तेथे ठेवतात. नंबरप्लेट, डिकीचा पत्रा व प्लास्टिकची पॅनेले खडखडू लागली, तर लपविलेल्या यंत्राचा ठिकाणा तोच खडखडाट सांगतो; त्यावर उपाय म्हणून पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराच्या डॅम्पिंग शीट चिकटवितात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि मंद्र स्वर बंद काचांतूनही बाहेर पोहोचतात.