बिरा ९१

बिरा ९१ हा बिअरचा एक भारतीय ब्रँड असून तो बी नाइन बेव्हरेजेस लिमिटेड या नवी दिल्लीस्थित कंपनीच्या मालकीचा आहे. अंकुर जैन यांनी इ.स. २०१२ मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि २०१५ मध्ये ब्रँड बाजारात आणला. नावातील ‘९१’ हा भारताचा आंतरराष्ट्रीय दूरध्वनी संकेतांक आहे. शहरी तरुण ग्राहकांमध्ये अल्पावधीत लोकप्रिय झालेल्या या ब्रँडने भारतात क्राफ्ट बिअर ही संकल्पना रुजविण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. मात्र २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री घटली आणि तोटा विक्रीपेक्षाही अधिक झाला. पुढे वेतन व भविष्य निर्वाह निधी थकल्याच्या तक्रारी झाल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांनी संस्थापकांना पदावरून दूर करण्याची मागणी केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. कंपनीच्या अधिकृत नावातून ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द गळाल्यामुळे अनेक राज्यांतील विक्री थांबणे, ही या घसरणीतील सर्वाधिक चर्चिली गेलेली घटना होय.

पार्श्वभूमी

बिअर हे मुख्यतः मोड आणून भाजलेल्या सातूपासून, हॉप्स या वनस्पतीची फुले, यीस्ट आणि पाणी यांच्या साहाय्याने आंबवून तयार केले जाणारे मद्य आहे. मोठ्या कारखान्यांत एकसारख्या चवीची बिअर प्रचंड प्रमाणात तयार होते. याउलट लहान प्रमाणावर, चवीचे वैविध्य जपून व घटकांकडे विशेष लक्ष देऊन केलेल्या बिअरला क्राफ्ट बिअर म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमध्ये लहान उत्पादकांची जी चळवळ सुरू झाली, तिच्यातून ही संज्ञा रूढ झाली.

भारतात दीर्घकाळ मोजक्या मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व राहिले आहे. येथील खपात अल्कोहोलचे प्रमाण अधिक असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरचा वाटा मोठा आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस काही राज्यांनी उपाहारगृहातच बिअर तयार करून विकण्याचे, म्हणजे मायक्रोब्रूअरीचे, परवाने देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘डूलाली’ ही या प्रकारातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. मायक्रोब्रूअरीतील बिअर जागेवरच विकली जाते. बिरा ९१ ने मात्र क्राफ्ट बिअर बाटलीत भरून दुकानांतून विकण्याचा मार्ग निवडला.

स्थापना व वाढ

जैन यांनी अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम परदेशी बिअर आयात करून विकण्याचा व्यवसाय केला. या अनुभवातून स्वतःचा ब्रँड काढण्याची कल्पना पुढे आली. आरंभी बिरा ९१ ची बिअर बेल्जियममध्ये तयार करून भारतात आणली जात असे. मागणी वाढल्यावर उत्पादन भारतात हलविण्यात आले. इंदूर येथे उत्पादन सुरू झाल्यानंतर नागपूर, आंध्र प्रदेशातील कोव्वूर, म्हैसूर व ग्वाल्हेर येथेही ते करण्यात आले.

‘व्हाइट’ ही गव्हाचा वापर असलेली, कमी कडवट बिअर आणि ‘ब्लाँड’ ही लागर प्रकारातील बिअर ही कंपनीची सुरुवातीची उत्पादने होत. त्यानंतर ‘लाइट’, ‘स्ट्राँग’ व ‘बूम’ हे प्रकार आले. माकडाचे चित्र आणि उलटा काढलेला रोमन ‘बी’ ही ब्रँडची ओळख बनली. भारतात मद्याच्या थेट जाहिरातीवर निर्बंध असल्याने बाटलीचे रूप, कार्यक्रमांचे प्रायोजकत्व व तोंडी प्रसिद्धी यांवर कंपनीचा भर राहिला. २०१८ मध्ये कंपनीने आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेशी (आयसीसी) पाच वर्षांचा भागीदारी करार केला.

भांडवल

कंपनीचा विस्तार प्रामुख्याने गुंतवणूकदारांच्या पैशावर झाला. २०१६ च्या आरंभी सिकोया कॅपिटलने सुमारे ६० लाख अमेरिकी डॉलर गुंतविले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या सोफिना या संस्थेच्या पुढाकाराने ५ कोटी डॉलर उभे राहिले. जपानमधील बिअर उत्पादक किरिन होल्डिंग्ज या कंपनीने २०२१ मध्ये सुमारे ३ कोटी आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ७ कोटी डॉलरची गुंतवणूक केली. त्यामुळे किरिन हा कंपनीचा एक प्रमुख भागधारक बनला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने ‘द बीअर कॅफे’ ही उपाहारगृहांची साखळी विकत घेतली. २०२६ मध्ये भांडवली बाजारात समभागांची प्राथमिक विक्री (आयपीओ) करण्याचे उद्दिष्ट कंपनीने ठेवले होते.

मद्याचे राज्यनिहाय नियमन

पुढील घटनाक्रम समजण्यासाठी भारतातील मद्यव्यवहाराची चौकट लक्षात घ्यावी लागते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेये हा राज्यसूचीतील विषय आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) कक्षेबाहेर असून त्यावरील उत्पादन शुल्क व विक्रीकर राज्ये आकारतात. परिणामी प्रत्येक राज्याचे परवाने, शुल्क, किंमत ठरविण्याची पद्धत व वितरणव्यवस्था वेगवेगळी आहे. तमिळनाडू व केरळमध्ये शासकीय महामंडळे मद्याची विक्री करतात, तर महाराष्ट्रात परवानाधारक खासगी घाऊक व किरकोळ विक्रेते ती करतात. महाराष्ट्रातील व्यवहार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणात चालतो. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने एकाच राज्यातही नियम सर्वत्र सारखे नाहीत.

बाटलीवरील लेबल हा या व्यवस्थेतील महत्त्वाचा घटक आहे. कोणताही ब्रँड विकण्यापूर्वी त्याचे लेबल संबंधित राज्याकडे शुल्क भरून नोंदवावे लागते. लेबलवर उत्पादक कंपनीचे नाव असते आणि ते परवान्यातील नावाशी जुळणे आवश्यक असते. त्यामुळे कंपनीचे नाव बदलले की परवान्यापासून लेबलपर्यंतची कागदपत्रे राज्याराज्यांत नव्याने करावी लागतात.

नावातील बदल

कंपनी कायदा, २०१३ नुसार खासगी कंपनीच्या सदस्यसंख्येवर, काही अपवाद वगळता, २०० ची मर्यादा असते आणि तिला सर्वसामान्य जनतेला समभाग विकता येत नाहीत. आयपीओ आणू इच्छिणाऱ्या खासगी कंपनीला आधी सार्वजनिक कंपनीत रूपांतर करून नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द वगळावा लागतो. त्यानुसार ‘बी नाइन बेव्हरेजेस प्रायव्हेट लिमिटेड’चे नाव ‘बी नाइन बेव्हरेजेस लिमिटेड’ असे झाले.

कंपनी कायद्याच्या दृष्टीने रूपांतरानंतरही कंपनी तीच राहते. तिचे हक्क, देणी व करार अबाधित असतात. राज्यांच्या उत्पादन शुल्क यंत्रणांच्या लेखी मात्र हे नाव नवे ठरले. लेबलांच्या फेरनोंदणीस चार ते सहा महिने लागले आणि मागणी असूनही त्या काळात अनेक राज्यांत विक्री होऊ शकली नाही. जुन्या नावाची लेबले लावलेला माल विकता येईना. बिअरचे विक्रीयोग्य आयुष्य साधारणपणे काही महिन्यांचेच असल्याने तो साठवून ठेवण्यातही अर्थ नव्हता. सुमारे ८० कोटी रुपयांचा साठा निर्लेखित करावा लागला.

आर्थिक स्थिती

२०२२-२३ मध्ये कंपनीची विक्री सुमारे ८२४ कोटी रुपये होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे २२ टक्क्यांनी घटून ६३८ कोटींवर आली. याच काळात तोटा ४४५ कोटींवरून ७४८ कोटी रुपयांवर गेला. मार्च २०२४ अखेर संचित तोटा सुमारे १,९०० कोटी रुपये झाला होता.

या आकड्यांवरून नावातील बदल हे घसरणीचे एकमेव कारण नव्हते, असे दिसते. बदलाचा फटका बसण्यापूर्वीच्या वर्षातही दर १०० रुपयांच्या विक्रीमागे कंपनीला सुमारे ५४ रुपयांचा तोटा होत होता. पुढील वर्षी हे प्रमाण सुमारे ११७ रुपये झाले. वाया गेलेल्या साठ्याची ८० कोटी ही रक्कम त्या वर्षीच्या एकूण तोट्याच्या जेमतेम एक नवमांश होती. विक्री थांबली तरी कारखान्यांचा खर्च, वेतन व कर्जावरील व्याज थांबत नाही. ज्या कंपनीचा दैनंदिन खर्च विक्रीतून न भागता नव्या गुंतवणुकीतून भागविला जातो, तिला काही महिन्यांचा खंडही पेलणे अवघड जाते. शिवाय अडचणीचे वृत्त पसरल्यावर नवे भांडवल मिळणेही दुरापास्त होते.

कर्मचाऱ्यांची थकबाकी

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, अडीचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या प्रमुख गुंतवणूकदारांकडे निवेदन दिले. कारभारातील त्रुटी, वेतनास झालेला विलंब व पुरवठादारांची थकलेली देणी यांकडे त्यात लक्ष वेधण्यात आले होते. कित्येक महिन्यांचे वेतन मिळाले नसून भविष्य निर्वाह निधीची रक्कमही वेळेवर भरली गेली नाही, अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. वेतन देण्यास व कपात केलेला कर भरण्यास विलंब झाल्याचे जैन यांनी मान्य केल्याचे या वृत्तांत म्हटले होते. कर्मचाऱ्यांची संख्या सातशेहून अधिक होती, ती सुमारे २६० वर आल्याचेही त्यांत नमूद होते.

वेतन थकल्याचे कर्मचाऱ्यास लगेच कळते, परंतु निधी थकल्याचे अनेकदा उशिरा लक्षात येते. सर्वसाधारण नियमानुसार भविष्य निर्वाह निधीत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम देतो आणि मालकही तितकाच वाटा उचलतो. ही रक्कम पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जमा करणे मालकावर बंधनकारक असते. कर्मचाऱ्याचा वाटा त्याच्या वेतनातूनच कापला जात असल्याने तो न भरणे म्हणजे कर्मचाऱ्याचाच पैसा अडकणे होय. कपात केलेला प्राप्तिकर शासनाकडे भरला गेला नाही, तर त्याची नोंद कर्मचाऱ्याच्या कर खात्यात दिसत नाही आणि विवरणपत्र भरताना अडचण येते.

एखादी कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिचे अवसायन झाल्यास काय होते, याची तरतूद नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये आहे. संहितेनुसार कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने, तर इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांपर्यंतची देणी त्यांच्या खालोखाल फेडली जातात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम कंपनीच्या वाटपयोग्य मालमत्तेत धरली जात नाही. माल व सेवा देणाऱ्या लहान पुरवठादारांचा क्रम मात्र बराच खालचा असतो.

द बीअर कॅफेविषयीचा वाद

द बीअर कॅफेचे समभाग कर्जासाठी तारण ठेवलेले होते. २०२५ मध्ये किरिन आणि अनिकट कॅपिटल या वित्तपुरवठादारांनी तारणाच्या आधारे या साखळीचा ताबा घेतल्याचे वृत्त आले. या कारवाईस बी नाइन बेव्हरेजेसने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्यांनी कंपनीत भांडवल गुंतविले, त्यांच्यापैकीच काही जण धनको म्हणून तिच्या विरुद्ध बाजूस उभे राहिल्याने हा वाद लक्षवेधी ठरला.

महाराष्ट्रातील तुलनीय उदाहरण

वेगाने वाढलेली मद्यकंपनी कर्जाच्या भाराने कोसळण्याचे याआधीचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने वाइननिर्मिती सुरू केली. ‘ओमर खय्याम’ ही त्यांची फेसाळती वाइन परदेशातही विकली गेली. शॅम्पेन इंडाज, पुढे इंडाज विंटनर्स, या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीने ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमध्येही व्यवसाय विकत घेतले. २००८ च्या जागतिक मंदीनंतर ती कर्जाच्या विळख्यात सापडली व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

दोन्ही प्रकरणांत विस्ताराचा वेग उत्पन्नाच्या पुढे गेलेला दिसतो. नुकसान सोसणारे घटक मात्र काहीसे वेगळे आहेत. इंडाजच्या पडझडीत कामगारांबरोबरच वाइनची द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. द्राक्षबाग उभी राहण्यास काही वर्षे लागतात आणि वाइनच्या जातींना खाण्याच्या द्राक्षांची बाजारपेठ मिळत नाही. त्यामुळे खरेदीदार गेल्यावर बाग ठेवावी की काढावी, हा प्रश्न उत्पादकांपुढे उभा राहिला. बिअरसाठी लागणारे सातू बाजारात इतरत्रही विकले जाऊ शकते. त्यामुळे बिरा ९१ च्या संकटाची झळ शेतापेक्षा कारखाना, विक्री विभाग व पुरवठादार यांना अधिक बसली.