पार्कर पुन्हा घडवताना : एका दुनळी बंदुकीचा दुसरा जन्म

आज आपण एका बंदुकीबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही जास्त करून ती बनवणाऱ्या दोन कारखान्यांबद्दल. एक कारखाना अमेरिकेतला, दुसरा जपानमधला. मध्ये चाळीसएक वर्षांची गॅप.

आधी एक प्रश्न. समजा, एखादी वस्तू बनायची बंद होऊन चाळीस वर्षं झाली. कारखाना गेला, कारागीर गेले. तुम्हाला ती वस्तू पुन्हा तशीच बनवायची आहे. मग 'तशीच' म्हणजे नेमकी कशी? हा प्रश्न डोक्यात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

कॉफीच्या गिरणीपासून सुरुवात

अमेरिकेत कनेटिकट राज्यात मेरिडन नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स पार्कर या माणसाने १८३२ साली कॉफी दळायच्या छोट्या गिरण्या बनवायला सुरुवात केली. धंदा वाढत गेला. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि पार्करच्या कारखान्याला सैन्यासाठी बंदुका बनवायचं सरकारी काम मिळालं. १८६५ साली युद्ध संपलं. आता यंत्रं आहेत, बंदूक बनवणारे हात आहेत, पण सैन्याची ऑर्डर नाही. मग काय करायचं? पार्करने शिकारीच्या दुनळी बंदुका बनवायला घेतल्या.

दुनळी म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्या. बंदूक मधून मोडायची, दोन काडतुसं घालायची, बंद करायची. काडतुसात एक गोळी नसते, बारीक छर्रे असतात. आपण 'बारा बोअर' हा शब्द ऐकलेला असतो. त्यातला बारा कुठून आला माहितीये? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर एका गोळ्याची जी जाडी होईल ती त्या नळीची रुंदी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्याच हिशेबाने २० बोअरसाठी वीस गोळे, २८ बोअरसाठी अठ्ठावीस. म्हणजे आकडा मोठा, तर नळी बारीक.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं पार्करची बंदूक सुधारत गेली. आधी घोडे बाहेर दिसायचे, १८८०च्या दशकाच्या शेवटी ते आत गेले. मग रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर आला. नंतर दोन नळ्यांना मिळून एकच चाप घ्यायची सोय झाली. सगळ्या मिळून जवळपास दोन लाख बेचाळीस हजार बंदुका बनल्या. लोक तिला 'जुनी भरवशाची' म्हणायचे.

मग बंद का पडली?

बंदूक चांगली होती. अडचण वेळेची होती. दुनळी बंदुकीचा एकेक भाग कारागीर कानस घेऊन दुसऱ्या भागाशी जुळवत बसतो. दोन नळ्या अशा जोडायच्या की दोन्हीतले छर्रे लांबवर एकाच जागी पडले पाहिजेत. वर कोरीव काम, अक्रोडाच्या दस्त्यावरची जाळी, हे सगळं हाताने.

तोपर्यंत बाजारात पंप-अ‍ॅक्शन आणि ऑटोमॅटिक शॉटगन आल्या होत्या. एकच नळी, दोनपेक्षा जास्त काडतुसं, यंत्रावर भराभर बनणारी आणि स्वस्त. त्यात १९२९ची महामंदी आली. १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने पार्करचा बंदूक-धंदा विकत घेतला, काही वर्षांत काम मेरिडनहून न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवलं. दुसरं महायुद्ध आलं, कारखाने युद्धाच्या मालात गुंतले आणि पार्कर थांबली. युद्ध संपल्यावरही ती परत सुरू झाली नाही.

आणि इथे गंमत होते. बंद पडल्यावर तिची किंमत वाढायला लागली. पुस्तकं निघाली, संग्राहक तयार झाले. लोकांना पार्कर हवी होती, पण मिळायच्या त्या पन्नास-साठ-सत्तर वर्षांच्या जुन्या.

१९८४ : जपानमधली पार्कर

ऐंशीच्या दशकात टॉम स्क्यूझ या अमेरिकन उद्योजकाने ठरवलं की पार्कर पुन्हा बनवायची. त्याचा मूळ धंदा रसायनांचा होता. काम सोपवलं ऑलिन-कोदेन्शा या कारखान्याकडे, जपानच्या तोचिगी भागात. हा कारखाना विंचेस्टरच्या शॉटगन साठच्या दशकापासून बनवत होता. म्हणजे अमेरिकेत जो हिशेब जमत नव्हता तो तिथे जमण्यासारखा होता : अचूक यंत्रं, आणि जोडीला हाताने काम करणारे कारागीर.

आता आपला सुरुवातीचा प्रश्न. 'तशीच' म्हणजे कशी?

पहिला निर्णय : कोणती पार्कर? पंचाहत्तर वर्षांत ती इतकी बदलली होती की 'पार्कर' हे एका बंदुकीचं नाव राहिलंच नव्हतं. निवड झाली डीएचई या दर्जाची. यातला 'डी' म्हणजे दर्जा, 'एच' म्हणजे आत लपलेले घोडे, 'ई' म्हणजे इजेक्टर. नक्षी चांगली, पण सगळ्यात महागडी नाही. सगळ्यात साधं मॉडेल का नाही घेतलं? विचार करा, आतलं जुळवाजुळवीचं काम दोन्हीकडे जवळपास तेवढंच. मग गिऱ्हाइकाला साधी का द्यायची? नंतर वरच्या दर्जाच्याही काढल्या.

दुसरा निर्णय : कोणता बोअर? जुनी पार्कर बोअरप्रमाणे वेगवेगळ्या मापाच्या सांगाड्यावर बनायची. म्हणून बारीक बोअरची पार्कर खरोखर नाजूक आणि हलकी असायची. पण अशा बंदुका तेव्हा कमी बनल्या होत्या, २८ बोअरच्या तर फारच कमी. म्हणजे लोकांना जे हवं होतं तेच सगळ्यात दुर्मिळ. नव्या पार्करमध्ये २०, २८ आणि १२ बोअर आले.

तिसरा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा : काय बदलायचं? अनेक जुन्या पार्करच्या नळ्या दमास्कसच्या होत्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकमेकींत जोडून केलेल्या. दिसायला अप्रतिम, पण आजच्या काडतुसाचा दाब त्यांच्यासाठी धोक्याचा. बऱ्याच जुन्या बंदुकांमध्ये काडतूस बसायची जागासुद्धा आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड. दस्ता खूप खाली वाकलेला. हे जसंच्या तसं बनवलं असतं तर बंदूक फक्त भिंतीवर शोभली असती. म्हणून पोलाद आधुनिक आणि मापं आजच्या काडतुसाची. अमेरिकेत बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर बंदी येत होती, १९९१पर्यंत ती देशभर लागू झाली. कारण शिशाचे छर्रे खाऊन पाणपक्षी विषबाधेने मरत होते. पोलादी छर्रे शिशापेक्षा कडक, त्यामुळे जुन्या नळ्यांना ते सोसत नाहीत. म्हणून पोलादी छर्‍यांसाठी खास नवी पार्करही निघाली.

मग जुनं काय राहिलं? आतली यंत्रणा. तिचे भाग जुन्या पार्करमध्ये बसतील, असं सांगून ही बंदूक विकली गेली. हे किती अवघड आहे बघा. जुने भाग मुळात एकमेकांशी हाताने जुळवलेले. त्यातलं 'खरं' माप शोधायचं कुठून?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिचं नावच 'पार्कर रिप्रॉडक्शन' होतं. ज्या बाजारात जुन्या वस्तूला हजारो डॉलर मिळतात, तिथे मी नक्कल आहे असं नावातच सांगायचं. बनावट आणि प्रतिकृती यांत फरक एवढाच असतो, पण तो सगळ्यात मोठा असतो.

दुसरा शेवट

१९८५नंतर डॉलरच्या तुलनेत जपानचा येन झपाट्याने महागला. जपानमध्ये बनवून अमेरिकेत विकणं परवडेनासं होत गेलं. ऐंशीचं दशक संपता संपता तो कारखाना बंद झाला, आणि त्याच्याबरोबर नवी पार्करही. जेमतेम पाच वर्षं.

म्हणजे एकच बंदूक दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा वस्तूत खोट नव्हती. हाताने करायच्या कामाचा वेळ आणि बाजाराचा भाव, यांचा मेळ बसला नाही. आज त्या जपानी पार्करसुद्धा जुन्या झाल्यात आणि लोक त्या शोधत असतात.

मला यातून एक कळतं. जुनी वस्तू पुन्हा बनवायची म्हणजे तिच्यातलं काय जपायचं आणि काय सोडायचं हे ठरवायचं, आणि जे सोडलं ते लपवायचं नाही. पैठणी असो, सतार असो, नाहीतर वाड्याचा दरवाजा, हा प्रश्न आपल्याकडेही रोज येतो. आणि कागदावर मापं असली तरी ती वाचून काम करणारे हात लागतात. ते हात एकदा पांगले की परत गोळा करणं फार महाग पडतं.

तर मंडळी, तुमच्या गावात अशी कुठली वस्तू आहे, जी बनवणारा आता एखादाच माणूस उरलाय? तो काम करत असताना एकदा बाजूला बसून बघा, त्याला विचारा. आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!