रायपूरचे माधवराव सप्रे

पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे मराठीभाषी माधवराव सप्रे १९०८ साली राजद्रोहाच्या मुकदम्यात सापडले आणि कुटुंबीयांच्या आग्रहाखातर माफीनामा लिहून सुटले, तेव्हा त्या व्यथेने हनुमानगडच्या मठात मधुकरी मागून ते दासबोधात रमले; पण पुढे रायपुरास येऊन त्यांनी प्रपंच आणि लेखन दोन्ही सांभाळले. त्यांनी हिंदीत आणलेल्या त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेने होतो: अक्षर वाटोळे, मोकळे असावे, ओळी सारख्या याव्यात, पानाचे काठ झिजतात म्हणून भोवती जागा सोडावी. नित्य थोडे तरी लिहावे, ही समर्थांची आज्ञा मठवाशापेक्षा गृहस्थासच अधिक उपकारक आहे, असे मला मनापासून वाटते. कारण १९१५ साली निघालेल्या ‘गीतारहस्या’सारखा अवाढव्य ग्रंथ, जो सप्र्यांनीच हिंदीत उतरविला, एका उमाळ्यात अनुवादून होत नाही.